एलादिओची चाळणी

एलादिओ बार्रागानला आमच्या केंद्रात सगळे टरकून असत, आणि त्यालाच तो मान समजत असे. माद्रिदबाहेरच्या या केंद्रात अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीची निरीक्षणं उतरतात. एका दूरच्या आकाशगंगेच्या पोटात एक महाकाय कृष्णविवर होतं. ते कधीतरी भडकेल आणि तो भडका जगात पहिल्यांदा आपणच पाहू, एवढ्या आशेवर या गृहस्थाने तारुण्य घालवलं, बायको घालवली, केसही घालवले. दरवर्षी तो दुर्बिणीचा वेळ मागून घ्यायचा आणि दरवर्षी आलेखावर सपाट रेघ यायची. आता निवृत्ती तोंडावर आली होती. भडका सापडला नाही, तर दुसऱ्यांच्या चुका काढण्यापलीकडे त्याच्या खात्यावर काहीच जमा नव्हतं.

त्या चुका मात्र तो चवीने काढायचा. "घाण!" हा त्याचा लाडका शब्द. सूर्याकडून आलेले कण दुर्बिणीत घुसले की क्ष-किरणांची मोजणी उगाच एकदम चढते, म्हणून तेवढा वेळ निरीक्षणातून कापून टाकावा लागतो. इथलं शेंबडं पोरही हे जाणतं. त्यासाठी सगळे केंद्राने दिलेली चाळणी, म्हणजे संगणकावरचा एक प्रोग्रॅम, वापरतात. एलादिओ कसली वापरतोय! त्याने तरुणपणी स्वतःची लिहिली होती. मोजणी जरा चढली की कच्चकन काप. तिच्यातून निघालेला आलेख त्याने खोलीच्या भिंतीवर टांगला होता. सरळ रेघ, मधूनमधून कापलेल्या वेळाच्या बारीक फटी.

एका दुपारी तो कँटीनमध्ये आमच्या टेबलावर मसुराची आमटी ओरपत होता. शेजारच्या खोलीतली नेरेआ थाळी घेऊन समोर येऊन बसली. ही बिल्बाओची, जिभेला हाड नसलेली.

"काय रे, तुझं कृष्णविवर झोपलंय ना अजून?"

"मेलंय म्हण. का? तुला जागं दिसलं? तुझ्या त्या न धुतलेल्या आलेखांत भुतंसुद्धा दिसतील."

"आलेख माझे, निरीक्षणं तुझीच. जुनी, सगळ्यांना खुली झालेली. कोपऱ्यातला एक तारा हवा होता मला. केंद्राच्या चाळणीतून काढली, तर मधोमध हा भडका! आणि एकदाच नाही हं, जवळजवळ दरवर्षी."

"सूर्याची घाण आहे ती!"

"सूर्याची घाण अख्ख्या चित्रावर पडते, राजा. नेमकी तुझ्या कृष्णविवराच्याच डोक्यावर कशी पडेल? तुझी चाळणी मोजणी कुठली घेते?"

"अख्ख्या चित्राची."

"कृष्णविवर धरून?"

एलादिओचा चमचा आमटीतच राहिला. हीच चूक केली म्हणून त्याने कित्येक विद्यार्थ्यांना चारचौघांत सोललं होतं. मोजणी करताना कृष्णविवर वगळ, गाढवा, नाहीतर त्याचा भडकाच घाण म्हणून कापला जाईल! त्याने चाळणी लिहिली तेव्हा ते इतकं मंद होतं, की धरलं काय अन् वगळलं काय, फरक पडत नव्हता. पुढे ती उघडून बघायची त्याला कधी गरजच वाटली नाही. चुका करायला बाकीचं जग होतं ना!

"कोणाला बोललीस?" त्याने हळूच विचारलं.

"सकाळीच जाहीर केलं. भडका दिसला की लगेच सगळ्यांना कळवायचं असतं, विसरलास?"

"आणि माझं नाव?"

"आहे की. शेवटी, आभारात."

एलादिओ उठून गेला. दया यावी असाच प्रसंग होता, पण टेबलावरच्या कोणालाही ती आली नाही. तशी सोयच त्याने ठेवली नव्हती. नेरेआने त्याच्या वाट्याचं गोडाचं, फ्लान नावाचं पुडिंग खाऊन टाकलं.

खोलीत तो भिंतीसमोर उभा राहिला. रेघ तशीच होती, सपाट. त्याने जवळ जाऊन पहिल्या फटीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या. भडके तिथेच होते. इतकी वर्षं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो याच फटी बोटाने दाखवत आला होता आणि म्हणत आला होता, "बघा, याला म्हणतात स्वच्छ काम."