डिक्शनरी सरांचा ‘गॉर्ज’

आमचे डिक्शनरी सर हाडकुळे होते, तरी सगळ्या शाळेत सर्वांत जास्त तेच खात. बोर्डीला कुणा बागायतदाराकडे लग्न असलं की यजमान त्यांच्यासाठी जिलब्यांचं वेगळं ताट काढून ठेवत. खाताखाता सर इंग्रजी शब्दांची कुळं सांगत. मी शाळेत नवीन लागलेली बाई. शिक्षकांच्या पंगतीत त्यांच्या शेजारचं पान मला मिळे, कारण दुसरं कोणी तिथे बसायला तयार नसे.

“बाई, ‘गॉर्ज’ म्हणजे अधाशासारखं खाणं,” बारावी जिलबी मोडत ते एकदा म्हणाले. “मूळ शब्द फ्रेंचांचा. अर्थ घसा. घशापर्यंत भरायचं, म्हणून गॉर्ज.”

दुसऱ्या दिवशी गळ्यावर बोट ठेवून त्यांनी हेच आठवीला शिकवलं. त्याच आठवड्यात शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले आणि त्यांनी नेमका तोच शब्द विचारला.

“अधाशासारखं खाणं,” आठवीतली सुमन उठून म्हणाली.

“चूक. गॉर्ज म्हणजे डोंगरांमधली अरुंद दरी. मास्तर, हे काय शिकवता?”

हेडमास्तर डोळ्यांनी गप्प राहायला सांगत होते. पण शब्दाची गोष्ट निघाली की सरांना कुणाची भीती नसे. “दोन्ही बरोबर, साहेब. डोंगराचा घसा ती दरी. मी माणसाच्या घशाचं सांगितलं.”

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

दुपारी चिकूच्या वाडीत जेवण होतं. मुली वाढत होत्या. साहेबांनी चौथ्यांदा श्रीखंड मागितलं, तेव्हा सुमनने सरांना हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “सर, साहेब गॉर्ज करतायत ना?”

सर खोटं बोलत नसत. “हो,” ते म्हणाले. “दरीवाला नव्हे.”

महिनाभरात साहेबांनी सरांची बदली तलासरीकडच्या एका आदिवासी पाड्यावरच्या शाळेत केली. तिथे ते उपाशी मरतील, असं आम्हाला वाटलं.

दिवाळीनंतर मी भेटायला गेले. एसटीतून उतरून दीड तास चालले. सर शाळेच्या पडवीत चुलीपुढे बसून नाचणीची पेज ढवळत होते. समोर पंधरा-वीस वारली मुलं मांडीवर पाट्या घेऊन बसली होती.

“सकाळी तशीच येतात, बाई. रिकाम्या पोटी काय शिकवणार?”

सगळ्यांना वाढून झाल्यावर त्यांनी पातेलं तिरकं करून स्वतःसाठी वाटीभर पेज काढली. तेवढीच उरली होती.

निघताना ते पायवाटेपर्यंत आले. “पुढच्या खेपेला मीठ आणाल? इथे फार लांबून आणावं लागतं.”

पुढच्याच रविवारी मी दोन पिशव्या मीठ घेऊन गेले. सर वारले त्या वर्षापर्यंत ती वाट मी सोडली नाही.