आंघोळ करून आलेले बारा

आमच्या बोईसरच्या ख्रिस्ती समूहात बायबल नुसतं वाचत नाहीत. नुसतं वाचून कुणाचं भलं झालंय? आम्ही ते लागू करतो. दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी जमायचं, पुढे येणाऱ्या मिस्सेचं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं, शुभवर्तमान वाचायचं आणि चहा येण्याआधी प्रत्येकाने एक कृती सांगायची: हा उतारा या आठवड्यात मी माझ्या आयुष्यात असा जगेन. पद्धत फादरांची. तिला शिस्त लावली मी. मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात खरेदी विभाग सांभाळते. काय, कोण आणि कधीपर्यंत हे तीन रकाने भरल्याशिवाय आमच्याकडे खिळासुद्धा येत नाही. मग पवित्र शास्त्रालाच सूट का द्यायची?

रकाने आले, पण माणसं तीच राहिली. क्षमेचा उतारा आला की आपली क्षमा कुणीकुणी मागायला हवी ते प्रत्येकाला लख्ख दिसतं. डोळ्यातल्या मुसळाचा आला की सगळे शेजारच्याच्या डोळ्यांकडे बघतात. स्वयंपाकात अडकलेली मार्था आणि येशूपाशी ऐकत बसलेली मरिया यांच्या गोष्टीला तर दरवर्षी समस्त बायका माझ्याकडे वळून गोड हसतात, आणि हसून झालं की विचारतात, "ताई, भजी आहेत का अजून?"

त्या वर्षी ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी माझा हात मोडला. केळव्याहून आलेल्या झावळ्या वाटणं, लहान मुलांना पुढे घेणं, मिरवणूक सरळ ठेवणं ही सगळी कामं माझ्याकडे होती. सरळ ठेवायची तर समोरून बघायला हवी, म्हणून मी मिरवणुकीच्या पुढे उलटी चालत होते. चर्चच्या आवारातली पायरी मला पाठ होती. त्या दिवशी ती पाठीमागून आली. मी पडले आणि माझ्या दोन्ही बाजूंनी मिरवणूक होसान्ना म्हणत शांतपणे पुढे गेली. रांग मोडली नाही, हे मी पडल्या जागेवरून पाहिलं. माझ्या शिकवणीचं चीज झालं होतं.

उजवं मनगट. प्लास्टर कोपरापर्यंत. कारखान्यातून सुट्टी मिळाली, स्वयंपाक नवऱ्याने आणि डब्यांनी सांभाळला. अडलं ते एकाच ठिकाणी: सासूबाईंची आंघोळ.

सासूबाईंचे गुडघे गेलेले. गेली काही वर्षं त्यांना स्टुलावर बसवून मीच आंघोळ घालते. पाणी किती गरम, साबण आधी कुठे, पाठ कुठल्या दिशेने घासायची, याचे त्यांचे नियम आहेत आणि आमच्या कारखान्यातल्या सुरक्षा नियमांपेक्षा ते जास्त पाळले जातात. एका हाताने ते जमणार नव्हतं. ओल्या फडक्याने अंग पुसूनच दिवस काढायचे, असं त्यांनी ठरवलं. एप्रिलची घामट हवा, तक्रार काही नाही. फक्त त्याच रविवारी रात्री जेवताना म्हणाल्या, "गुरुवारी मी देवळात नाय येणार."

पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, ती मिस्सा त्यांनी जन्मात चुकवली नव्हती. किनाऱ्यावरच्या त्यांच्या गावातून चालत जायच्या तेव्हापासून. आणि बिनआंघोळीचं अंग घेऊन त्या देवळात कधीच पाय ठेवत नाहीत.

"अहो आई, देवाला चालतं," मी म्हटलं.

"देवाला चालत असंल. मला नाय चालत. पुढल्या वर्साच्या गुरुवारला मी हाय का नाय, कोनाला ठाव."

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, खाली मान घालून आमटी भुरकत होता. तो यंदा बारांमध्ये होता. यादी अर्थात मीच केली होती.

सोमवारी समूह आमच्याच घरी होता. हात मोडला म्हणून समूह पुढे ढकलण्याची प्रथा आमच्याकडे नाही. उतारा गुरुवारचाच: येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. वीजकेंद्रातून निवृत्त झालेल्या अंकलनी तो असा वाचला की दोघींचे डोळे भरून आले. मग कृती सुरू झाल्या.

अंकल म्हणाले, या आठवड्यात ते नम्र राहतील. मी 'कधीपर्यंत' विचारलं, तर म्हणाले शनिवारपर्यंत. एका सूनबाईंनी जुन्या चपला आश्रमात द्यायचं ठरवलं, कारण पायांशी संबंध आहे. गायनमंडळाच्या बाईंनी नेहमीप्रमाणे डोळे मिटून सांगितलं की जगातल्या सगळ्या थकलेल्या पावलांसाठी त्या प्रार्थना करतील. त्यांची प्रार्थना सुरू झाली की चहावर साय धरते.

"फारच छान," मी म्हटलं. "माझी एक सूचना आहे. आतल्या खोलीत एक अख्खी बाई आहे, पायांसकट. गुरुवारच्या आधी तिला आंघोळ घालायला दोन चालते हात हवेत. कोण येतंय?"

इतकी पवित्र शांतता आमच्या समूहात मौन प्रार्थनेलाही होत नाही. अंकल पुरुष होते, हे त्यांनी दोनदा सांगितलं. सूनबाईंची पाठ धरली होती. कुणीतरी म्हणालं की आजींना अवघडल्यासारखं होईल हो, त्यांचाही विचार करायला हवा. आजी पडद्याआड होत्या आणि त्यांचे कान गुडघ्यांसारखे गेलेले नाहीत.

शेवटी गायनमंडळाच्या बाईंनी डोळे उघडले. "मी येते उद्या," म्हणाल्या. खरं सांगायचं तर मला याचा थोडा रागच आला. त्यांच्याकडून माझी ही अपेक्षा नव्हती.

मंगळवारी त्या आल्या. चंदनाचा नवा साबण घेऊन आल्या, पदर खोचला, आणि न्हाणीच्या दारात आधी एक छोटी प्रार्थना करूया म्हणाल्या. सासूबाईंनी प्रार्थना पूर्ण होऊ दिली. मग पलंगावरून हलल्याच नाहीत.

"बाय, तू चांगली हायस. गातेस पन चांगली. पन मी काय भांडं हाय, कोनीबी येऊन घासायला?"

बाई साबण ठेवून गेल्या. बुधवारी मी पालघरहून रोजावर एक आया बोलावली. तिने "माताजी, आइए" म्हणून हात पुढे केला. सासूबाईंनी मला विचारलं, "ही कोनाला माता म्हनते?" आया चहा पिऊन गेली. शेजारच्या नांदेडकडच्या वहिनीही येऊन गेल्या. त्यांना सासूबाईंनी बसवून घेतलं, मुलांची चौकशी केली, खजूर दिले आणि आंघोळीचा विषय काढू दिला नाही.

आता माझ्याकडे एकच उपाय उरला होता. बायबल. डाव्या हाताने मी ते उघडलं आणि त्यांच्यासमोर बसले.

"आई, ऐका. येशू पेत्राचे पाय धुवायला आला तेव्हा पेत्रही असाच अडून बसला होता. माझे पाय तू धुवायचे नाहीस म्हणाला. येशू काय म्हणाला? मी धुतलं नाही तर तुझं माझं नातं नाही."

"मला काय सांगतेस, मला पाठ हाय."

"मग? दुसऱ्याच्या हातून धुवून घेणं हीसुद्धा नम्रताच आहे. लागू करा की जरा."

उतारा माझ्या मते बरोबर जागी लागला होता. मी थोडी थांबले, जसं फादर थांबतात तसं.

"पेत्र गडी होता," सासूबाई म्हणाल्या. "आनि त्याचे पायच धुवायचे होते. तो म्हनला हात पन धू, डोकं पन धू. तर येशू काय म्हनला? ते नाय वाचलंस?"

मी वाचलं. ज्याची आंघोळ झाली आहे त्याला पायांपुरतंच धुवून घ्यावं लागतं, असं काहीसं आहे तिथे. इतक्या वर्षांत या ओळीसाठी आम्ही एकही कृती ठरवली नव्हती.

"म्हंजे ते बाराच्या बारा घरनं आंघोळ करून आलेले," सासूबाई म्हणाल्या. "त्यांचं पानी कोनी तापवलं, पाठ कोनी घासली, ते लिवलेलं नाय. पाय धुनं सोपं हाय गं. चारचौघांत धुता येतात."

मी बायबल मिटलं. समूहाच्या नियमाप्रमाणे यानंतर चहा असतो. मी चहा केला. डाव्या हाताने, निम्मा ओट्यावर.

गुरुवारी दुपारनंतर घरात गरम पाण्याची वाफ पसरली. न्हाणीतून खरखर ऐकू येऊ लागली. माझा नवरा स्टुलावर बसून, सासूबाईंच्याच स्टुलावर, वज्रीने टाचा घासत होता. नखं कापली होती. गेल्या वर्षी एकाच्या टाचेच्या भेगा कॅमेऱ्यात आल्या आणि त्या समूहाच्या ग्रुपवर महिनाभर फिरल्या. तेव्हापासून आमचे बारा प्रेषित आधीच इतके स्वच्छ होऊन येतात की फादरांच्या हाताखाली पाणीसुद्धा मळत नाही. पांढरी पँट इस्त्री करून दारावर टांगली होती.

सासूबाई पलंगावर बसून होत्या. त्यांनी विचारलं, "पानी कोनासाठी तापलंय?"

"त्यांच्या पायांसाठी," मी सांगितलं.

त्यांनी उशाशी ठेवलेली जपमाळ घेतली आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. "जावा तुमी. उशीर नका करू. घंटा वाजली का मी हितूनच हात जोडीन."

न्हाणीतली खरखर थांबली. नवरा दारात आला. पाय गुलाबी, हातात वज्री. त्याने आईच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्या प्लास्टरकडे.

"उतारा वाचून दाखवू?" मी विचारलं.

"गप बस," तो म्हणाला. मग पलंगाजवळ गेला. "आई, ऊठ."

"कुठं?"

"न्हाणीत. ही घासेल डाव्या हातानं. मी पाणी ओततो."

"तू?" सासूबाई वळल्या. "येडा झालास का? बाईमानसाच्या आंघोळीत?"

"मी भिंतीकडे बघेन."

 मी माझ्याकडून एक शब्द घातला नाही, याची कुठेतरी नोंद व्हावी.

"भिंतीकडं म्हंजे भिंतीकडंच," सासूबाई म्हणाल्या.

जुनं लुगडं गुंडाळून त्या स्टुलावर बसल्या. नवरा त्यांच्या मागे, नाक जवळजवळ भिंतीच्या फरशीला लावून, हातातला तांब्या पाठीमागून आमच्या दिशेने अंदाजाने नेत होता. पहिला तांब्या माझ्या प्लास्टरवर बांधलेल्या पिशवीवर पडला. दुसरा बादलीतच परत गेला.

"डावीकडे," मी म्हणाले. "अहो, माझ्या डावीकडे."

"मला काय दिसतंय का?"

"नाय दिसायला पायजे तुला!" सासूबाई ओरडल्या. "बघितलंस तर बघ."

तिसरा बरोबर खांद्यावर पडला. त्यांनी डोळे मिटले. मी चंदनाचा साबण घेतला, कारण नेहमीचा संपत आला होता आणि बाजार करायला हातच नव्हता.

"घासतेस का गोंजारतेस?"

"डावा हात आहे, आई."

"ह्याला सांग, जरा वरनं ओत. लहान असताना ह्याला कशी घालायची मी आंघोळ, एक थेंब डोळ्यात जायचा नाय."

"आणि मी रडायचो," नवरा भिंतीला म्हणाला.

"आता रडू नको. पानी ओत."

चर्चची घंटा वाजली तेव्हा मी त्यांचे केस पुसत होते. इस्त्रीची पांढरी पँट त्याने केव्हा घातली होती देव जाणे. गुडघ्यापर्यंत ओली होती. बदलायला वेळ नव्हता. तिघं एका रिक्षात बसलो, सासूबाई मध्ये, ठेवणीतल्या लुगड्यात, आणि सगळ्या रिक्षाभर चंदनाचा वास.

पोहोचलो तेव्हा प्रवचन संपलं होतं. वेदीपुढे बारा खुर्च्या, अकरा माणसं. अंकल पहिल्या खुर्चीत, त्यांच्या नम्रतेला अजून दोन दिवसांची मुदत बाकी. फादर एकेक पाय धूत, पुसत पुढे सरकत होते. सासूबाईंना मागच्या बाकावर बसवलं. फादर रिकाम्या खुर्चीपाशी आले, थांबले आणि हातात पाण्याचा जग घेऊन त्यांनी सगळ्या देवळातून नेमकं मलाच शोधून काढलं. यादी माझी होती ना. गायनमंडळाच्या बाईंनी प्रसंग ओळखून तेच कडवं पुन्हा उचललं.

मी नवऱ्याला कोपराने ढोसलं. "जा ना. थांबलेत."

तो अर्धवट उठला. चपलेतून पचक आवाज आला. पुढच्या बाकावरची माणसं वळून त्याच्या पँटकडे बघायला लागली.

सासूबाईंनी त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं. नजर वेदीवरच होती, हात जोडलेले.

"बस गप," त्या म्हणाल्या. "तुझे धुवून झालेत."