मास्तरांचा शब्द

सगळे त्यांना मास्तर म्हणत, पण शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. सत्तर आसनांची, पंख्यांची छोटी विमानं उडवण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. शेजारी नवा सहवैमानिक येऊन बसला की ढग, वारा, धावपट्टीवरचं पाणी, सगळं त्याला समजावून सांगायची त्यांना खोड होती. समोरचा दोनदा चुकला तरी त्यांचा आवाज चढायचा नाही. तेवढ्यावरून हे नाव पडलं.

विमानांवर रंग एका मोठ्या कंपनीचा, तिकिटंही तिचीच. उडवायचं काम तेवढं मास्तरांच्या छोट्या कंपनीकडे, ठेक्याने. दर चार-पाच वर्षांनी ठेका नव्याने ठरायचा. तेवढे दिवस सगळ्यांची झोप उडायची, मग पुन्हा सुरळीत. यंदा मात्र एक नवीच कंपनी मधे घुसली होती. तिचे पायलट निम्म्या पगारात राबायला तयार होते. मास्तरांच्या कंपनीच्या व्यवस्थापकाने आडपडदा न ठेवता सांगितलं, पगार कमी करून घ्या, महिन्याच्या चार सुट्ट्या सोडा, नाहीतर काम हातचं गेलंच म्हणून समजा.

हँगरला लागून असलेल्या कॅन्टीनमध्ये शंभरेक पायलट मतदानाला जमले. मास्तरांचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, सहा वर्षांपूर्वी त्यांच्याच ओळखीने कंपनीत सहवैमानिक म्हणून लागलेला. तोच आधी उठला.

"एकदा कमी केलं की कमीच करत जातील," तो म्हणाला. "आपण एक पायरी उतरलो की ते नव्या कंपनीवाले दोन उतरतील. मग आपण कुठवर उतरायचं?"

बऱ्याच माना हलल्या. मग मास्तर उठले. ते आदल्याच दिवशी व्यवस्थापकाला भेटून आले होते. एवढं मान्य करा, पाच वर्षं कुणाच्या नोकरीला धक्का लागणार नाही, असं त्याने त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

"मी त्या माणसाला पंधरा वर्षं ओळखतो," मास्तर म्हणाले. "तो शब्द फिरवायचा नाही. थोडा पोटाला चिमटा बसेल, पण घरातली चूल पेटती राहील. माझ्यावर विश्वास असेल तर हात वर करा."

सात मतांच्या फरकाने प्रस्ताव मंजूर झाला. मेव्हण्यानेही अखेर हात वर केला. बाहेर पडताना तो एवढंच म्हणाला, "तुमच्याकडे बघून केलंय हं, भाऊजी."

आठ महिने बरे गेले. एका दुपारी मास्तर एका लहानशा विमानतळावर उतरले. परत निघायला पंचवीस मिनिटं होती आणि प्रवासी चढायला लागले होते. शेजारच्या सहवैमानिक मुलीने फोन पाहिला आणि त्यांच्यापुढे धरला. ठेका नव्या कंपनीला गेला होता. नव्वद दिवसांनी सगळी उड्डाणं बंद. पत्राखाली व्यवस्थापकाची सही होती.

मुलीने चेकलिस्ट काढून वाचायला सुरुवात केली. एकेक ओळ ती वाचत होती, मास्तर उत्तर देत होते. मधेच ती थांबली.

"सर, इंधनाचं आपण बघितलं का?"

मास्तरांना आठवेना. इतक्या वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. त्यांनी चेकलिस्ट मिटायला सांगितली आणि कंपनीच्या कार्यालयाला फोन लावला. विमान आत्ता निघणार नाही, म्हणाले.

"उशिराचं कारण काय लिहू?" पलीकडून विचारणा झाली.

"पायलट, असं लिहा."

"तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे. नुसतं पायलट लिहा."

दोघं खाली उतरली, विमानाला एक फेरी मारून आली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला बसली. चाळीस मिनिटं उशिराने विमान सुटलं.

घरी पोचेपर्यंत बायकोला भावाकडून कळलेलं होतं.

"काही बोलला का तो?" मास्तरांनी बूट काढता काढता विचारलं.

"नाही. म्हणाला, भाऊजींचा काय दोष?"

त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं. ते तसेच एका पायात बूट ठेवून बसून राहिले.

नव्या कंपनीने एका हॉटेलच्या हॉलमध्ये मुलाखती ठेवल्या. जागा चाळीस आणि रांगेत सगळी ओळखीची तोंडं. या धंद्यात कंपनी बदलली की आधीची वर्षं पाण्यात जातात, नाव यादीत पार तळाशी लागतं. मास्तरांचा नंबर आला तेव्हा समोरच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही चांगलं शिकवता असं ऐकलंय. आमच्याकडे नुकतीच शिकून आलेली मुलं आहेत. वर्षभराच्या करारावर त्यांना तयार कराल?"

"आणि माझा मेव्हणा? तोही बाहेर बसलाय."

"अनुभवी सहवैमानिक आम्हाला परवडत नाहीत," बाई म्हणाल्या. त्यांनी पुढची फाईल जवळ ओढलीही होती.

मास्तर नाही म्हणायचं ठरवूनच घरी आले. बायको कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "घ्या तुम्ही. दोघांनी घरी बसून कुणाचं भलं होणार आहे?" मग तशाच हातांनी ती आत निघून गेली.

त्यांनी सही केली. मेव्हणा एका गोदामात मालाची गाडी चालवायला लागला. पाचव्या महिन्यात एका दुपारी तो घरी आला. बसला नाही.

"भाऊजी, सिम्युलेटरची परीक्षा या महिन्यात दिली नाही तर माझ्या परवान्याची मुदत संपते. मग पुन्हा उभं राहणं कठीण आहे. तुमच्या कंपनीच्या सिम्युलेटरवर एखादी रिकामी वेळ मिळाली तर बघा."

मास्तर दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षणप्रमुखाकडे गेले. बाहेरच्यांना देत नाही, असं उत्तर आलं. माझ्या वाट्याची वेळ त्याला द्या, असं मास्तरांनी म्हणून बघितलं. प्रमुख हसला.

"मास्तर, तुमचा स्वतःचा करारही वर्षाचाच आहे, नाही का?"

मास्तर बाहेर आले.

तिथून ते थेट मेव्हण्याकडे गेले. तो कामावर निघायच्या गडबडीत होता.

"दोनदा विचारलं," मास्तर दारातच म्हणाले. "तिसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही मला."

मेव्हण्याने डबा उचलला. "बरं," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

एकोणीस तारखेला त्याची मुदत संपली. त्या दिवशी मास्तरांची तीन उड्डाणं होती, तीनही वेळेवर झाली. संध्याकाळी बायकोने भावाला दोनदा फोन लावला. त्याने उचलला नाही. तुम्ही लावून बघा म्हणत तिने फोन मास्तरांपुढे धरला, पण त्यांनी तो हातात घेतला नाही.