उन्हात वाळवलेले सेल

वायरलेस कीबोर्ड आणि माउसच्या खोक्यावर लिहिलं होतं, सेल वर्षभर चालतील. सोनईतल्या आमच्या घरात ते दिवाळी ते नाताळ एवढेसुद्धा पुरले नाहीत.

मी पुण्याच्या एका प्रकाशकासाठी शाळेचे प्रश्नसंच तयार करते. लग्न करून सोनईला आले आणि माझं काम लॅपटॉपमधून माझ्या मागोमाग आलं. नवरा नेवाशाच्या ज्युनियर कॉलेजात शिकवतो. सकाळी जातो, दुपार उलटून गेल्यावर येतो. मग घरी मी आणि सासू-सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्याबाई. मामा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, आत्याबाई अंगणवाडीतून. दोघांचा एकमेकांवर जीव आहे, पण टीव्ही चालू असला की तो दिसत नाही.

मामांना बातम्या लागतात. त्यातही ती चर्चा, जिच्यात सगळे जण आपापल्या चौकटीत बसून एकाच वेळी बोलतात आणि कुणीच कुणाचं ऐकत नाही. मामा बाहेरून त्यांच्यात सामील होतात. आत्याबाई चर्चमध्ये रविवारी गाणाऱ्यांच्या गटात पुढे उभ्या असतात आणि त्यांचा सराव नेमका दुपारी असतो. एका कडव्यात देवाची दया आणि दुसऱ्या कडव्यात "बोलू द्या, मला बोलू द्या" असं आमच्या ओसरीवर रोज चालायचं.

माझा कीबोर्ड बिघडला तो याच दिवसांत. आधी एखादं अक्षर गळायचं. मी इंग्रजी अक्षरं दाबून मराठी टाइप करते, त्यामुळे एक एच निसटला की शब्दाचा जातधर्मच बदलतो. मी लिहायची 'तुम्ही', पडद्यावर यायचं 'तुमी'. 'आम्ही'चं 'आमी'. घोड्याचा गोडा झाला, भाताचा बात. घाईत एक धडा तसाच पुण्याला गेला आणि प्रकाशनातल्या संपादक सरांचा फोन आला.

"मॅडम, प्रश्न छान आहेत," ते म्हणाले, "पण सहावीच्या मुलांना 'तुमी काय कराल' असं विचारायचं ठरलंय का? गावाकडचं वारं लागलं वाटतं."

मी सेल बदलले. पंधरवडाभर कीबोर्ड पुण्यासारखा बोलला आणि पुन्हा आमच्या गल्लीसारखा. शेवटी तो मुकाच झाला, माउसही जागच्या जागी थिजला. मी दुकानदाराशी भांडले. त्याने बिचाऱ्याने सेट बदलून दिला. नव्या सेटचंही तेच झालं. "वहिनी, तुम्ही लई जोरात टाइप करत असाल," तो म्हणाला आणि मी खरोखरच आठवडाभर हळू हळू टाइप करत बसले.

मामांना सांगितलं तर त्यांनी सेल हातात घेतला, फरशीवर टाकून त्याचा आवाज ऐकला आणि मान हलवली.

"कंपनी भिकार हाय," ते म्हणाले. "आपल्या रिमोटचे बी टिकत न्हाईत. आता पैल्यासारखा माल न्हाई ऱ्हायला."

त्यांचं म्हणणं मला पटलं. एवढा माणूस वर्कशॉपमध्ये आयुष्य काढून आलेला, त्याच्यावर अविश्वास कशाला? मागच्या अंगणातल्या भिंतीवर ते जुने सेल ओळीने उन्हात मांडून ठेवायचे. बाजूला आत्याबाईंच्या मिरच्या वाळत. सेलाला ऊन दाखवलं की त्यात पुन्हा थोडा जीव येतो असं मामा म्हणत, आणि येतही असे, एक-दोन दिवसांपुरता. म्हातारपणाचा विरंगुळा, असं मला वाटायचं.

तरी एक शंका होती. नवे सेल आणले तेव्हा मी प्रत्येकाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. कीबोर्डात घातले, माउसमध्ये घातले आणि कुणाला काही बोलले नाही.

ते सापडले ज्वारीच्या पिठाच्या डब्यात. भाकरीसाठी पीठ काढायला हात घातला तर बोटाला काहीतरी कडक लागलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले दोन सेल, बुडाला लाल ठिपके.

आत्याबाई शेजारी लसूण सोलत होत्या. मी पिशवी त्यांच्यासमोर धरली.

"हे इथं कसे?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. "हळू बोल. ते रिमोटचे हायेत. मी काढून ठिवते. सेल नसले की यांचा टीव्ही बंद. तेवढंच माझं गाणं हुतं."

"रिमोटचे नाहीत, माझे आहेत. हा बघा ठिपका."

"तुझे कसे असतील? मी रिमोटातूनच काढले."

तेव्हा आम्हा दोघींना एकदमच उजेड पडला. आत्याबाई रिमोटचे सेल पिठात पुरायच्या. मामा मुकाट्याने माझ्या कीबोर्ड-माउसमधले चांगले सेल काढून रिमोटात घालायचे आणि माझ्याकडे त्यांचे उन्हात वाळवलेले भरायचे. मग आत्याबाई पुन्हा रिमोट रिकामा करायच्या. त्यांनी डब्याच्या तळाशी हात घातला. तिथे आणखी पिशव्या होत्या. घरात आलेला प्रत्येक नवा सेल फिरून फिरून ज्वारीत पोचला होता.

आत्याबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मला आधी राग आला होता, पण त्यांना बघून तोही टिकला नाही.

"आता जाऊन विचारते त्यांना," मी म्हणाले.

"विचारू नको," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "विचारलं की ते सरळ न्हाई म्हनतील, आन मग मजा जाईल."

मजा करायची म्हटल्यावर माझ्या डोक्यात आलं की आमच्या टीव्हीच्या मागे लॅपटॉपसारखंच यूएसबीचं भोक आहे. नाताळातले फोटो बघायला आम्ही तिथे पेनड्राइव्ह लावला होता. माउसचा तो नखाएवढा रिसीव्हर तिथे लावला तर? मामा अंघोळीला गेले तेव्हा मी माउसमध्ये पिठातला चांगला सेल घातला आणि रिसीव्हर लावून पाहिला. पडद्यावर बाण उमटला आणि माझ्या हाताबरोबर फिरू लागला.

दुपारी मामा जेवून टीव्हीसमोर बसले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड, हातात माउस, खाली पोळपाट. आत्याबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. चर्चा रंगात आली तशी मी बाण निवेदकाच्या कपाळावर नेऊन ठेवला.

मामांनी टॉवेल झटकून माशी हाकलली. बाण हलला नाही. त्यांनी उठून पडद्यावर टॉवेल मारला. मी बाण नाकावर आणला. मामांनी मागे सरून पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आगं, हिकडं ये जरा," ते ओरडले. "या बाबाच्या तोंडावर काय फिरतंय बघ."

आत्याबाई पदरानं हात पुसत बाहेर गेल्या, टीव्हीकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाल्या, "मला तर काही दिसत न्हाई."

मी कसंबसं हसू आवरलं. आमचा टीव्ही इंटरनेटवर चालतो, त्यामुळे चर्चेखाली दुसऱ्या व्हिडिओंच्या चौकटी होत्या; त्यातल्या दिसेल त्या चौकटीवर क्लिक केलं. चर्चा गेली. तिच्या जागी घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ सुरू झाला. एक काळीभोर म्हैस, शिंगं तेल लावलेली, आणि मालक तिच्या दुधाबद्दल बोलतोय. आता मामा रिमोट आपटतील, टीव्ही बंद करतील, अशी आम्ही वाट बघत होतो.

मामा बसले. पुढे सरकून बसले.

"कास बघ हिची," थोड्या वेळाने ते म्हणाले. "मालक खोटं बोलतोय, पर म्हस चांगली हाय."

एक म्हैस संपली की पुढची आपोआप येत होती. मामांना कुणाशी भांडायचं नव्हतं, मधे बोलायचं नव्हतं. आत्याबाईंनी हळू आवाजात गाणं सुरू केलं आणि त्या दुपारी ते शेवटच्या कडव्यापर्यंत पोचलं.

दोन दिवस हे असंच चाललं. तिसऱ्या दिवशी मामा पाणी प्यायला म्हणून उठले आणि दारामागे मी पोळपाटावर माउस फिरवताना सापडले. मामांनी माझ्याकडे पाहिलं, माउसकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या बाणाकडे. त्यांनी हात पुढे केला.

"आन हिकडं."

मी माउस दिला. तो त्यांनी मांडीवर वर्तमानपत्राची घडी ठेवून तिच्यावर फिरवून पाहिला. बाण आधी पडद्याबाहेर पळाला, मग वळणावर आला.

"मामा," मी धीर करून म्हणाले, "माझ्या कीबोर्डचे सेल..."

"सांगितलं ना, कंपनी भिकार हाय," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. आत्याबाई पिठाच्या हातानं बाजूलाच उभ्या होत्या. तिघांनाही सगळं ठाऊक होतं.

माउस मला परत मिळाला नाही. मी वायरवाला कीबोर्ड आणि वायरवालाच माउस आणला, आणि पुण्याचे सर म्हणाले की भाषा सुधारली. मामांच्या हातात मात्र त्या माउसचा सेल संपेचना. उठताना ते त्याला उलटा करून खालचं बटण बंद करत, गाडी बंद केल्यावर किल्ली काढावी तसं, आणि माउस शर्टाच्या खिशात घालून फिरायला जात. खोक्यावर लिहिलेलं वर्ष तो सेल पुरं करणार असं दिसायला लागलं.

कंटाळल्या त्या आत्याबाई. म्हशींचे मालक चर्चेतल्या लोकांपेक्षा मोठ्यानं बोलत होते. "बातम्या बऱ्या हुत्या," एका दुपारी त्या म्हणाल्या. "आता तर खिशातच घालून हिंडतात. सेल काढू तरी कसा?"

मी एवढंच सांगितलं की माउसच्या पोटाखाली जो लाल उजेड दिसतो तो त्याचा डोळा आहे, आणि डोळा झाकला की त्याला काही कळत नाही. बाकी मी काही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाण हलेना. मामांनी सेल काढला, चोळला, घातला. नवा आणून घातला. भिंतीवरचा गरम गरम घालून पाहिला. आत्याबाईंनी तीन गाणी म्हटली. चौथ्याला मामांनी माउस उलटा केला, त्याच्या डोळ्यावर चिकटलेलं काहीतरी नखानं सोडवलं आणि माउस खिशात ठेवून दिला.

त्या संध्याकाळी सरांबरोबर माझी व्हिडिओ मीटिंग होती.

"मॅडम, आवाज येतोय, पण तुम्ही दिसत नाही," सर म्हणाले. "नुसता अंधार आहे."

मी सेटिंग बघितली, लॅपटॉप बंद करून चालू केला, दिवा लावला, खिडकी उघडली. मग जवळ जाऊन पाहिलं. पडद्याच्या वर, कॅमेऱ्याच्या बरोबर मधोमध, सफरचंदावरचं स्टिकर नीट दाबून चिकटवलेलं होतं. बाहेरच्या खोलीत मामा म्हशी बघत होते, माउस मांडीवर, आवाज एरवीपेक्षा बराच लहान.