नुकादाचं जिवंत काम

आमच्या कावागुचीच्या बाजारगल्लीत राहणारा तोकुजी नुकादा दर गुरुवारी मरायचा. टीव्हीवर एक विनोदी गुप्तहेर मालिका लागायची, तिच्यातलं प्रेत म्हणजे हा. कधी मिशा चिकटवून, कधी बायकी टोप घालून, पण मरायचा नेमाने. शुक्रवारी माझ्या सलूनमध्ये दाढीला आला की गिऱ्हाइकं विचारायची, "काय नुकादासान, आज उठलात वाटतं?"

तो हसायचा. हसायची नाही ती त्याची आई. इसेआजी निइगाताकडच्या खेड्यात राहायची आणि मालिका कधीच लावायची नाही. "लोकांची पोरं कामाला जातात, माझं मेलं मरायला जातं!"

मालिका इतकी चालली की तिचा सिनेमा निघाला. दिग्दर्शकाने जुना माणूस म्हणून नुकादाला जिवंत काम दिलं. गरम झऱ्यावरच्या उतारघराचा मालक. वाक्य एकच: "या साहेब, पाणी तापलंय." त्याने लगेच आईला फोन केला. "आई, या खेपेला मी बोलतो!" सिनेमाला चार मैत्रिणींना घेऊन येते, असं आजीने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

मग घरात रात्रंदिवस तालीम. बायको किनुए बटाट्याचे कोरोक्के तळून विकायची. ती म्हणाली, "अहो, पाणी तापलं ते कळलं. तेलही तापलंय, सरका."

चित्रीकरणाला दिवे लागले, दिग्दर्शक ओरडला, आणि नुकादाच्या अंगात मुरलेली सवय उसळली. डोळे पांढरे करून गडी धाडकन आडवा! दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा "या साहेब"पर्यंत पोचला आणि मेला. दिग्दर्शकाची हसून हसून मुरकुंडी वळली. "असंच राहू दे! गुप्तहेराला बघूनच मालक खलास!"

हे आईला सांगायची त्याची छाती झाली नाही.

सिनेमा लागला त्या दिवशी आम्ही सगळे एका रांगेत बसलो. पडद्यावर नुकादा दिसताच आजीने शेजारणीला कोपर मारलं, "हाच माझा!" तो म्हणाला, "या साहेब..." आणि कोसळला.

आजी ताडकन उभी राहिली. "ऊठ मेल्या! आधी वाक्य पुरं कर!"

अख्खं थिएटर खदखदायला लागलं. शेजारी बसलेला नुकादा तिची बाही ओढत पुटपुटला, "आई, बस ना गं."

"तू गप! तू मेलायस."

नंतर आम्ही सोबा, म्हणजे रश्शातल्या शेवया, खायला गेलो. मैत्रिणी नुकादाच्या सह्या घेत होत्या. आजी मात्र वाडग्यात तोंड घालून शेवया ओरपत होती. रस्सा संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "पडलास मात्र झकास. तुझे वडील खरोखर गेले, तेव्हा त्यांनाही एवढं नीट पडता आलं नव्हतं."

नुकादाला रडावं की हसावं कळेना. त्याने सोबाचा आणखी एक वाडगा मागवला.

मालिका अजून चालू आहे. आता आजी न चुकता बघते आणि शुक्रवारी सकाळी फोन करून चुका काढते. परवा म्हणे, मेल्यावर त्याचा अंगठा हलत होता.