सात वेळा मृत

आमच्या मावशीला कॉलेजातली मुलं 'पायमोजी' म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागे. तिला ते ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोला, आवडायचंही. प्राणिशास्त्राच्या नमुनाखोलीत तिने एकतीस वर्षं काढली. मेलेला जीव टाचणीवर लावायचा, खाली चिठ्ठी लिहायची, वहीत नोंद करायची. नियम एकच: पाय मोजल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. सहा पाय म्हणजे कीटक. आठ म्हणजे कोळी किंवा विंचू, दोघं एकाच वर्गातले. चालायचे पाय दहा असले तर खेकड्याची जात. त्याहून जास्त असले तर अंगाचा एक खंड धरून बघायचं: त्यावर पायांची एकच जोडी असली तर गोम, दोन असल्या तर वाणी. "आणि जिथे काहीच कळत नाही, तिथेही गोमच असते," असं म्हणून ती स्वतःच हसायची. तिचे विनोद हे असे.

मी पाच वर्षांची असताना ती एक पिशवी घेऊन आमच्याकडे आली, ती राहिलीच. का आली, असं विचारलं की आई मला कामाला लावायची. मावशी सासरचं नाव काढायची नाही आणि तिकडून तिचं नाव काढत कधी कुणी आलं नाही. मला वाटायचं, भांडण असेल. भांडण कुठल्या घरात नसतं?

तिच्या निवृत्तीला आठवडा उरला तेव्हा नव्या विभागप्रमुखांनी ठरवलं की शनिवारी दुपारी खोली बंद करून आत विषारी धूर सोडायचा. लाकडाला कीड लागली होती. त्याआधी सगळे नमुने वहीशी ताडून बघायचे होते. मावशीचा हात आताशा थरथरायचा, म्हणून सकाळी लिहायला मी गेले. खोलीत डांबरगोळ्यांचा इतका वास की डोळ्यांत पाणी यावं. तिने खुंटीवरचा आपला जुना एप्रन मला घालायला लावला आणि आम्ही एकेक कप्पा उघडत गेलो.

मधल्या कप्प्यात सात कोळी होते. एका ओळीत, लहानापासून मोठ्यापर्यंत. शेवटचा माझ्या पंजाएवढा. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर जात तीच, शेरा तोच, 'मृत'. तारखांमध्ये साधारण एकेका वर्षाचं अंतर. मी वाचत होते आणि सवयीने पाय मोजत होते. तिच्याजवळ वाढलेली मी, ती खोड सुटायची कशी? पहिल्याला सातच पाय. डावीकडचा तिसरा मुळापासून गायब. दुसऱ्याला तिथे काडीसारखा बारीक पाय होता. तिसऱ्याचा तोच पाय जरा भरला होता. चौथ्यापासून पुढे आठही सारखे.

सात वेगळ्या जनावरांचा तोच एक पाय आधी तुटका आणि मग वाढत गेलेला कसा असेल? मी शेवटच्या कोळ्याला टाचणीने जरासा उचलला. कांद्याच्या सालीइतका हलका. त्याच्या पाठीचं कवच डबीच्या झाकणासारखं उघडलं आणि आत काहीच नव्हतं.

ती कात होती. सातही कातीच होत्या, आणि एकाच कोळ्याच्या. हे मावशीनेच मला लहानपणी शिकवलं होतं: यांची हाडं अंगाबाहेर असतात, ती वाढत नाहीत, म्हणून आतल्याला मोठं व्हायचं तर सगळं अंगच टाकून बाहेर पडावं लागतं. कात कुठली आणि मेलेला जीव कुठला, हे तिला सात वर्षांत एकदाही ओळखता आलं नसेल, हे मला पटेना.

मी तिच्याकडे बघितलं. ती भिंग पुसत होती.

कोणीतरी आणून दिला होता, म्हणाली, पाय तुटलेला. मादी होती. मारायच्या बाटलीत घातली, हालचाल थांबली, काढली, वहीत 'मृत' लिहिलं. दोन दिवसांनी येऊन बघते तर बशीत नुसती कात, आणि कोळीण जिवंत, मावशीच्याच खुर्चीवर बसलेली. नोंद शाईने झाली होती. मग खोडली नाही. पुढे दर वर्षी कात सापडायची आणि मावशी नवी नोंद करायची.

"का पण?" मी विचारलं.

"मेलेलं लिहिलं की कुणी शोधत नाही गं," मावशी म्हणाली. "माझ्या सासरच्यांनी मला मेली म्हणून लिहून टाकलं. बरंच झालं म्हणायचं. नाहीतर त्यांनी मला खरंच मारलं असतं."

चाळीशी ओलांडलेली मी, आणि हे मला आत्ता कळत होतं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, ही शेवटची कात कुठे सापडली?

"त्या एप्रनच्या बाहीत."

तो एप्रन माझ्या अंगावर होता. मावशी शांतपणे म्हणाली, उगाच हलू नकोस, आत नसेलही. तिनेच सावकाश माझे हात बाहीतून सोडवले. एप्रन झटकला नाही. घडी करून आपल्या हातावर टाकला.

तेवढ्यात प्रमुख फॉर्म घेऊन आले. खोलीत जिवंत काही नाही, अशी सही हवी होती. मी एक शब्द बोलले असते तर मावशीची एकतीस वर्षांची इभ्रत तिथेच गेली असती. गप्प राहिले आणि कोळीण खोलीतच कुठे असली, तर ती धुरात जाणार होती. मी गप्प राहिले. मावशीने सही केली, आणि त्या वेळी तिचा हात जराही थरथरला नाही. दाराच्या फटींवर चिकटपट्ट्या लागल्या.

बसमध्ये मी हळूच विचारलं, ती आत राहिली का? मावशी म्हणाली, माहीत नाही, मी कधी शोधलं नाही. पण घर येईपर्यंत एप्रन तिच्या मांडीवर होता आणि ती पाठ न टेकता बसली होती. त्या दिवसापासून तिच्या खोलीत तिने औषध फवारू दिलं नाही. त्या खोलीत झुरळही दिसेनासं झालं.

चार वर्षांनी मावशी गेली. मी मृत्यूची नोंद करायला गेले. कारकुनाने तिच्या जन्माची नोंद काढली, बराच वेळ वाचली आणि वही माझ्याकडे फिरवली. नावासमोर शेरा होता, 'मृत'. तारीख ती आमच्याकडे आली त्याच महिन्याची. "बाई, एक माणूस दोनदा कसा मरेल?" तो म्हणाला. बिचारा चक्रावलाच होता. मी तशीच परत आले, आणि बसमध्ये एकटीच रडले.

आता मावशीची घरातली खोली माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात खिळ्यावरचा एप्रन धुवायला काढला, तर बाहीत काहीतरी सरकलं. बघितलं तर कात. माझ्या पंजापेक्षा मोठी, अजून मऊ. मी पाय मोजले. आठ. खोलीत कुठे बघितलं नाही, पलंगाखालीही नाही. मावशीच्या डबीतून एक कोरी चिठ्ठी घेतली, तारीख घातली, आणि पुढे शाईने लिहिलं, 'मृत'.