शेवंतीबाईचा गाळ

मंगळवारी सकाळी, ऐन भरतीत, शेठची बोट त्याच्याच धक्क्यापासून वीस हातांवर गाळात रुतली. सात पावसाळ्यांपूर्वी त्याने खाडीकाठी बंगला आणि हा धक्का बांधला, आणि तिथल्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणाऱ्या शेवंतीबाईला चोर म्हणून हाकलले. ती भांडली नाही. धक्क्यासमोरच्या चिखलात ती दर ओहोटीला खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या कांदळाच्या शेंगा रोवत गेली. त्यांची झाडे झाली, आणि ती तोडायला कायद्याने बंदी आहे.

भरतीचे पाणी गढूळ येते, मुळांत अडखळून मंदावते आणि निवळून परत जाते. मागे राहणारा थर नखाच्या जाडीचाही नसतो. राग बहुधा असाच साचतो. त्याला घाई नसते.

चपला हातात घेऊन शेठ गुडघाभर पाण्याचिखलातून काठाकडे निघाला. शेवंतीबाई टोपली घेऊन तिथेच उभी होती.

"सावकाश या, शेठ. ओळख नसली की आमचा चिखल पाय धरतो."

"हे तुझंच काम!"

"माझं कसं? मी शेंगा लावल्या. गाळ दर्यानं आणला."

दुपारच्या ओहोटीला बोट कलंडून तिथेच पडली होती. तिच्या सावलीत शेवंतीबाई तिसऱ्या वेचत होती.